वस्ती जाळून सोनं थांबत नाही

दक्षिण अमेरिकेतला फ्रान्सचा प्रदेश फ्रेंच गयाना आणि शेजारचा सुरीनाम देश यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या मारोनी नदीला वरच्या अंगाला लावा म्हणतात. तिच्या आसपासच्या जंगलात ब्राझीलहून आलेल्या सोनं उकरणाऱ्यांच्या, म्हणजे गारिम्पेइरोंच्या, बेकायदा वस्त्या आहेत. त्यांच्याबद्दल एक विधान सर्रास फिरतं: ‘हे सगळे सोन्याचे माफिया, रोग पसरवणारे; फौज घाला, वस्त्या जाळा, प्रश्न मिटला.’ मला हे पटत नाही.

आधी ‘सगळे माफिया’ बघू. यातले कितीतरी जण ब्राझीलच्या मारान्यांव या गरीब राज्यातून आलेले असतात. पंप आणि इंजिन मालकाचं. निघालेल्या सोन्यातला साधारण 70 टक्के वाटा तो घेतो आणि उरलेले 30 टक्के चिखलात उभी राहणारी टोळी वाटून घेते. सोनं लागलं नाही तर मजुरीही नाही. सराफ बाजारातली माती धुऊन कण काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही मेहनत कळेल. राहायला चार खांबांवर ताणलेली ताडपत्री आणि झोपायला झोळी. दुकानात गल्ल्यापाशी छोटा तराजू असतो, कारण तांदूळ, बिअर, कोंबडी, सगळ्याचा भाव ग्रॅममध्ये. जंगलात माल आणायचा खर्च इतका, की महिन्याची कमाई त्याच तराजूवर परत जाते. हिंसा आहे, ती नाकारत नाही. 2012 मध्ये फ्रेंच गयानाच्या जंगलातल्या दोर्लिन या खाणभागाजवळ दोन फ्रेंच सैनिक मारले गेले. पण म्हणून तिथली स्वयंपाकीणही माफिया ठरत नाही.

‘फौज घाला’ म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की फौज घातलेलीच आहे. बेकायदा खाणींविरुद्धची फ्रान्सची ‘हार्पी’ मोहीम 2008 पासून चालू आहे. सैनिक पंप फोडतात, तळ जाळतात, माणसं रानात पळतात आणि पुन्हा येतात. कारण साधं आहे: मारिपासूला या फ्रेंच गावासमोर, पलीकडच्या सुरीनामी काठावर, बहुतांशी चिनी दुकानदारांची रांग आहे. डिझेल, पाइप, तांदूळ, सगळं तिथं मिळतं. होडीनं नदी ओलांडायला काही मिनिटं पुरतात आणि फ्रेंच सैनिकाला त्या काठावर कारवाई करता येत नाही. मातीतलं सोनं धरून ठेवायला पारा लागतो; तो वापरायला फ्रेंच बाजूला 2006 पासून बंदी आहे, तरी तो जंगलात पोचतोच. रसद चालू ठेवून झोपड्या जाळण्यात काय हशील?

रोगाचं म्हणाल, तर मलेरिया त्यांना आधी गाठतो. दवाखाना लांब, त्यात पकडले जाण्याची भीती, म्हणून दुकानातल्या गोळ्या अर्धवट घ्यायच्या. 2018 ते 2020 या काळात ‘मालाकिट’ प्रकल्पानं सीमेवरच्या थांब्यांवर त्यांना स्वतः रक्त तपासायची पट्टी आणि औषधाचा पूर्ण कोर्स असलेली पेटी दिली, वापरायचं शिकवून. लोकांनी ती नीट वापरली. मलेरिया आटोक्यात आणायचा रस्ता हाच आहे.

या विधानात ज्यांचं नावच नाही ते नदीकाठचे वायाना आदिवासी. खाणीतला पारा नदीत उतरतो, माशांत साठतो, आणि मासे हेच त्यांचं रोजचं जेवण. त्यांच्या केसांच्या तपासण्यांत पारा धोक्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालेला आहे. म्हणून मला खाणी बंदच व्हायला हव्या आहेत. पण त्यासाठी दोन्ही काठांवर मिळून पारा, डिझेल आणि सोन्याचा खरेदीदार अडवावा लागेल. आज तिथल्या गरोदर बायांना आयमारासारखे मोठे शिकारी मासे खाऊ नका असा सल्ला दिला जातो. लहानपणापासून तोच मासा शिजवत आलेल्या बाईनं मग चुलीवर काय ठेवायचं?