सगळं निगेटिव्ह आलं

मोठ्या आईच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले होते.

नागपूरहून चुलतभावाने फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला होता. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. तीनदा निगेटिव्ह! टीबीचा बेडका निगेटिव्ह, काविळीचं रक्त निगेटिव्ह, कोरोना निगेटिव्ह, म्हणजे सुटलो. आमच्या गावात त्या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. मोठे बाबा उठले, स्टँडवरून पावशेर पेढे घेऊन आले. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्यातला एक पेढा मीही खाल्ला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी भावाला बसवून समजावलं तेव्हा कळलं की हा कॅन्सरचा आणखी नाठाळ प्रकार. ट्रिपल निगेटिव्ह.

गाठ तिला आधीच्या हंगामातच लागली होती. कापूस वेचताना माझ्या आईजवळ बोलली होती. आई म्हणाली, दवाखान्यात दाखव. तर म्हणे, "दुखत त नाही व माय, मंग कायले जा लागते?" ही "दुखत नाही"वाली गोष्ट जिवावर येते. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखली असती तर ती दुसऱ्याच दिवशी गेली असती, कारण दुखण्याला आमच्या बाया मानतात. पुढे तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे बावन्न वर्षांच्या बाईला "दुधाची गाठ आहे, शेका" म्हणून मलम दिलं. त्यात तीन महिने गेले. मग सुई टोचायची म्हटल्यावर नातेवाइकांची पंचायत बसली, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे. त्यात अजून एक महिना. ते सगळं लिहीत बसले तर पोस्ट संपायची नाही. ती गेली त्याला आता चार वर्षं होतील.

आज हे आठवायचं कारण वेगळं आहे. परवा बारावी झालेल्या एका मुलीचे वडील शाळेत आले होते. पोरीला नीटमध्ये मार्क कमी पडले. तिला बीएस्सी करायचं आहे, पुढे संशोधन करायचं म्हणते. वडील म्हणाले, "म्याडम, डॉक्टर झाली असती त गोष्ट निराळी होती. बीएस्सी करून का भेटते? उंदरं कापत बसन." त्यांना माझ्याकडून "हो ना" ऐकायचं होतं. मी दोन कप चहा मागवला आणि त्यांना कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या कमल रणदिव्यांबद्दल सांगत बसले.

माहेरचं नाव कमल समर्थ, जन्म १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांची इच्छा काय, तर पोरीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. शंभर वर्षं होत आली, बापांची इच्छा तीच आहे बघा! हिने दोन्ही ऐकलं नाही. लग्न केलं गणितवाल्याशी. एमएस्सी केलं पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून, आणि विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. हे ऐकून ते गृहस्थ हसले. सीताफळाचं काय शिकायचं असते? त्यांच्याच बांधावर सात-आठ झाडं आहेत, दिवाळीच्या आधी टोपल्या भरून रस्त्यावर विकायला बसतात.

पण पेशी ही पेशीच. सीताफळाची गुणसूत्रं मोजायला शिकलेली ही बाई मुंबईत टाटा हॉस्पिटलात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली गेली आणि १९४९ मध्ये पीएचडी झाली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम. हे गाय म्हणजे ज्यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी शरीराबाहेर काचेत वाढवून दाखवल्या, हेला पेशी म्हणतात त्या. तिथून शिकून आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आणि हो, उंदरं. स्तनाच्या कॅन्सरात आनुवंशिकता किती, संप्रेरकं म्हणजे हार्मोन किती, विषाणू किती, हे त्यांनी वर्षानुवर्षं उंदरांवर तपासलं.

उंदरांची गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी अर्धी उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकेल. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर याने एक साधा प्रयोग केला. ज्या उंदरांच्या वाणात माद्यांना हटकून स्तनाचा कॅन्सर व्हायचा, त्यांची नुकती जन्मलेली पिल्लं उचलून दुसऱ्या, निरोगी वाणाच्या माद्यांना पाजायला दिली. आपण नाही का शेळी मेली तर करडू दुसऱ्या शेळीला लावतो, तसंच. त्या पिल्लांतलं कॅन्सरचं प्रमाण उतरलं. म्हणजे आईकडून जे येत होतं त्यातलं काहीतरी रक्तातून नव्हे, दुधातून येत होतं. पुढे तो विषाणू निघाला. रणदिव्यांचं काम याच वाटेवरचं.

आता हे माणसाला लावू नका. बाईच्या दुधातून लेकराला कॅन्सर होत नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका काहीसा कमी असतो. उंदराचं उत्तर माणसाला जसंच्या तसं लागत नाही, हे कळायलासुद्धा कुणीतरी आधी उंदरांसोबत आयुष्य काढावं लागतं.

ते गृहस्थ शेवटी वळणावर आलेच. "पण त्यानं पेशंट त बरा झाला नाही न?"

मग मी त्यांना गायीची गोष्ट सांगितली, कारण त्यांच्याकडे दोन गायी आहेत. जॉर्ज बीटसन नावाचा स्कॉटिश सर्जन दूध कसं सुटतं याचा अभ्यास करत होता. त्याला कळलं की काही देशांतले शेतकरी गाय व्यायल्यावर तिचं बीजाशय काढून टाकतात, म्हणजे ती दूध देतच राहते. बीजाशय कुठे, कास कुठे, पण दोघांचं काहीतरी साटंलोटं आहे, हे त्याने हेरलं. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या एका तरुण बाईचं त्याने बीजाशय काढलं आणि तिची गाठ विरघळायला लागली. १८९६ मध्ये त्याने ते छापलं. का झालं हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. हार्मोन हा शब्दच १९०५ मध्ये आला. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत एल्वूड जेन्सन याने दाखवलं की इस्ट्रोजेन, म्हणजे बीजाशयात तयार होणारं हार्मोन, जिथे जाऊन चिकटतं अशी जागा पेशीतच असते. ज्या गाठीत ती जागा आहे, तिथे टॅमॉक्सिफेनची गोळी जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला बसू देत नाही. ज्या गाठीत ती जागाच नाही, तिथे ती गोळी फुकट.

रिपोर्टवरचं ईआर म्हणजे हीच जागा. ईआर इस्ट्रोजेनची, पीआर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची, आणि हर-टू हे पेशीवरचं एक प्रथिन, ज्यावर वेगळं इंजेक्शन चालतं. मोठ्या आईच्या गाठीत तिन्हीपैकी काही नव्हतं. राहिली ती केमो. आमच्या आवाक्यातली तेवढीच.

म्हणजे आम्ही ज्या कागदावर पेढे वाटले, त्यातला एकेक शब्द कुणीतरी बीएस्सी-एमएस्सी करून, उंदरं पाळून, काचेच्या ताटल्यांत पेशी वाढवून तिथे आणून ठेवलेला आहे. त्यातल्या एकाचाही फोटो आमच्या शाळेच्या भिंतीवर नाही. गावातला पोरगा एमबीबीएसला लागला की चौकात फ्लेक्स लागतो. लागू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच फ्लेक्सखालून बीएस्सीला चाललेली पोरगी मान खाली घालून जाते, हे मला पटत नाही. आणि यात आम्ही शिक्षकही आलो. "नीट नाही तर नाही, बीएस्सी तरी कर" हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन. त्यातला तो "तरी" आता कानाला टोचतो.

रणदिव्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याआधी १९७३ मध्ये त्यांनी बरोबरीच्या बायांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली, ती आजही वाशीला चालते. आणि म्हातारपणी त्या अकोल्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं काम करत होत्या. हे वाचून मी हरखले होते! मग कळलं, आपलं अकोला नाही बाप्पा, नगर जिल्ह्यातलं अकोले. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मोठ्या आईचा तो रिपोर्ट अजून मोठ्या बाबांकडे देवघरात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. गेल्या वर्षी त्यांना विचारून मी त्याची झेरॉक्स काढली, नाव खोडलं आणि बारावीच्या वर्गात फिरवली. सगळ्यांना विचारलं, निगेटिव्ह म्हणजे काय? चाळीस पोरांपैकी बहुतेक सगळी म्हणाली, "चांगलं." एकटी म्हणाली, "मॅडम, पण काय निगेटिव्ह?" तीच ही पोरगी.

हे मी तिच्या वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. कपातला चहा गार झाला होता, तो एका घोटात प्यायले. उठताना म्हणाले, "अमरावतीले होस्टेलची फी किती हाय ते इचारून सांगा बरं." सोमवारी फोन करून विचारते.