‘वर-खाली डेरिव्हेटिव्ह घ्या’ एवढ्याने लिमिट सुटत नाही

अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो: लिमिटचे (क्ष एखाद्या किमतीकडे जाताना राशी कोणत्या किमतीकडे जाते याचे) कोणतेही गणित असो, अंशाचे आणि छेदाचे वेगवेगळे अवकलन करा, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढा, क्षची किंमत घाला, उत्तर हमखास येते, अवयव पाडणे, परिमेयीकरण आणि साइनची भूमितीय सिद्धता यांत वेळ घालवू नका. हा फ्रेंच गणिती लोपितालचा नियम. १६९६च्या त्याच्या पुस्तकातून तो सर्वांपर्यंत पोचला, पण मुळात तो स्विस गणिती योहान बर्नुलीचा. नियम खरा आहे, संदेश मात्र चुकीचा आहे.

‘कोणतेही गणित’ हा पहिला दावा. (क्ष² + १)/(क्ष + १) घ्या आणि क्ष १कडे जाऊ द्या. सरळ किंमत घातली की २/२, म्हणजे १ येते. वर-खाली अवकलन केले तर २क्ष/१, म्हणजे २ येते, आणि हे उत्तर साफ चूक आहे. आधी किंमत घालून ०/० किंवा अनंत/अनंत असे रूप येते का हे पाहणे ही नियमाची अटच आहे. वहीत सर्वाधिक चुका याच पायरीवर होताना मी पाहतो.

‘हमखास येते’ हेही खरे नाही. क्ष अनंताकडे जाताना √(क्ष² + १)/क्ष याला नियम लावला, तर क्ष/√(क्ष² + १) मिळते. पुन्हा लावला, तर मूळ राशी परत येते, आणि कितीही पाने भरली तरी हे चक्र थांबत नाही. उलट अंश-छेदाला क्षने भागले की √(१ + १/क्ष²) उरते आणि उत्तर १ हे एका ओळीत दिसते. (क्ष + साइन क्ष)/क्ष याचेही उत्तर १ आहे, पण अवकलनानंतर येणारे १ + कोसाइन क्ष कुठेच स्थिरावत नाही. त्यावरून लिमिट नाही असे लिहिणारा विद्यार्थी गुण गमावतो.

साइनबद्दलचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. क्ष ०कडे जाताना (साइन क्ष)/क्षचे लिमिट १ आहे हे नियमाने ‘सिद्ध’ करताना साइनचा अवकलज (डेरिव्हेटिव्ह) कोसाइन आहे हे आपण वापरतो, आणि तो अवकलज व्याख्येवरून काढताना हेच लिमिट आधी लागते. म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते. भूमितीय सिद्धता यातून सोडवते: एकक (१ त्रिज्येच्या) वर्तुळात केंद्राशी क्ष हा छोटा कोन घेतला, तर आतला त्रिकोण, वर्तुळपाकळी आणि स्पर्शिकेपर्यंतचा काटकोन त्रिकोण यांची क्षेत्रफळे अनुक्रमे (साइन क्ष)/२, क्ष/२ आणि (टॅन क्ष)/२ अशी चढती असतात, त्यामुळे (साइन क्ष)/क्ष हे कोसाइन क्ष आणि १ यांच्यामध्ये अडकते. पाकळीचे क्षेत्रफळ क्ष/२ येते ते कोन रेडियनमध्ये मोजला म्हणूनच; अंशांत (डिग्रीत) मोजला, तर हेच लिमिट १ न येता π/१८० येते, आणि साइनचा अवकलजही नुसता कोसाइन राहत नाही.