मैफलीचं रेकॉर्डिंग 'स्वच्छ' करणाऱ्यांना हात जोडून विनंती

आज सकाळी ग्रुपवर एक फाइल आली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सभागृहातली मैफल, राग तोडी, सोबत मजकूर: 'सगळा नॉइज काढलाय, एकदम स्टुडिओ क्वालिटी.' ऐकलं आणि डोकंच फिरलं. आलापात गायक श्वासाला थांबला की मागचा तानपुरा गायब!

अहो, त्या सॉफ्टवेअरला तुम्ही 'शांत' म्हणून दोन सेकंदांचा तुकडा निवडून देता. त्यात जे असेल ते सॉफ्टवेअर सगळीकडून वजा करतं. पण गायक थांबला तरी तानपुरा थांबतो का? तुम्ही तानपुराच कचरा म्हणून दाखवलात. वर २० डेसिबलची कपात, त्यामुळे उरलासुरला षड्ज (तानपुऱ्याचा 'सा') पाण्याखालून आल्यासारखा. वायरिंगची घरघर ५० हर्ट्झला आणि त्याच्या पटींना असते, तेवढ्यांवर बारीक नॉच (फक्त तेवढाच आवाज कापणारी गाळणी) पुरतो. इथे खालचं सगळंच छाटलंय, तबल्याच्या डग्ग्याची घुमक गेली.

आणि दाद! तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आली, सभागृहातून 'क्या बात है'मधलं 'क्या बा' एवढंच ऐकू येतं आणि पुढे एकदम शुकशुकाट. पुढची तान गायक इतकी उसळून का घेतो? त्या दादेला दिलेलं उत्तर आहे ते. प्रश्न पुसून उत्तर ठेवलंत.

मोबाइलची रिंग, वेफर्सची पुडी कुणालाच नको, मान्य. खोकला दोन स्वरांच्या मधे असेल तर तेवढाच हाताने काढता येतो. स्टुडिओलाही माझा विरोध नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, आणि आपल्या नाशिकात जन्मलेल्या गायक द. वि. पलुसकरांनी तेवढ्यात राग उभा केला. पण ती बांधणीच तीन मिनिटांची. तासभराची तोडी समोरच्या माणसांच्या साथीने वाढते.

ज्याने ही फाइल केली त्याने प्रेमानेच केली असणार, रात्र जागून. म्हणून रागावलो तरी सांगतो. मूळ फाइल पुसू नका, ग्रुपवर टाका. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग २४ बिटवर, आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे टाळ्या फाटत नाहीत. तानपुऱ्याला वेगळा माइक. श्रोत्यांकडे वळवलेले दोन माइक स्वतंत्र ट्रॅकवर घ्या आणि मिक्समध्ये गाण्याच्या बरेच खाली ठेवा. कपात लावायचीच तर सहा डेसिबलच्या वर नको. त्यासाठी मैफलीआधी, पंखे-एसी चालू आणि तानपुरे बंद असताना, रिकाम्या सभागृहाचा अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअरला नमुना म्हणून द्यायचा तो हाच.