वणवा ऊन लावत नाही

फेब्रुवारी सरत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. ऊन वाढलं की डोंगर आपोआप पेटतात, बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, हे निसर्गचक्रच आहे. राखेचं खत होतं, पुढच्या पावसात गवत दुप्पट जोमानं येतं. वनखातं स्वतःच जंगल जाळतं, मग इतरांनी कशाला बाऊ करायचा? आणि जे काही लावलं जातं ते आदिवासी लावतात. सोबत उंच सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढलेल्या ज्वाळांचा फोटो. तसली जंगलं सह्याद्रीत कुठे आहेत, हा प्रश्न पुढे ढकलणाऱ्याला पडत नाही.

आधी उन्हाचं बघू. वाळलेलं गवत आपोआप पेटायचं तर अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या घरात तापमान लागतं. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी उघडा कातळ साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापेल, अनवाणी पायाला फोड येतील, पण गवताची काडी पेट घेणार नाही. शिवाय उन्हानंच आग लागत असती तर विदर्भातल्या वणव्यांचा कळस मे महिन्यात दिसायला हवा. उपग्रहांनी टिपलेल्या आगी मात्र मार्च-एप्रिलमध्ये सर्वाधिक असतात. पुण्याभोवतीचे डोंगर तर त्याहूनही आधी, अंगात स्वेटर असतो त्या दिवसांत, रात्री पेटलेले दिसतात. रात्री कसलं ऊन?

बांबूचं घर्षण ही आवडती गोष्ट आहे, कारण ती ऐकायला शास्त्रीय वाटते. वाऱ्यानं डोलणारी बेटं एकमेकांना घासतात, कुरकुरतात, हे खरं. पण उभ्या हिरव्या बांबूत पाणी असतं आणि ते घासणं सावकाश, सुटंसुटं असतं. मुद्दाम वाळवलेल्या दोन लाकडांतून हातानं अग्नी काढायला बसलेल्या माणसाला विचारा, किती दाब आणि किती वेग सतत ठेवावा लागतो ते. वीज पडून जंगल पेटतं, हेही खरं आहे, पण ते कॅनडासारख्या देशांत मोठ्या प्रमाणावर घडतं. आपल्याकडे वळीव गडगडत येतो तो बहुतेकदा सोबत पाणी घेऊनच येतो.

मग उन्हाचं काम काय? आग पसरवणं. हवेतला ओलावा गेला, पालापाचोळा कुरकुरीत झाला, दुपारी वारा सुटला की चार पावलांची आग अख्खा डोंगर घेते, आणि चढावर ती आणखी वेगानं पळते. २०२३च्या मार्चमध्ये गोव्यात हेच दिसलं. म्हादई अभयारण्यासह पश्चिम घाटातली एरवी दमट राहणारी रानं कोरड्या, तापलेल्या हवेत दिवसेंदिवस जळत राहिली. शेवटी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला बोलवावी लागली. म्हणून ‘तापमानवाढीचा आणि वणव्याचा काही संबंध नाही’ असं मी म्हणणार नाही. संबंध आहे, आणि तो वाढणार आहे. पण काडी ओढणारा हात वेगळा.

राखेचा मुद्दा सगळ्यात चिवट, कारण त्यात अर्धं सत्य आहे. जळालेल्या माळावर चार सरी पडल्या की कोवळी पाती खरंच लवकर दिसतात. जुनं वाळलेलं गवत गेल्यानं जमिनीला ऊन मिळतं आणि मुळं तर जिवंतच असतात. पण राखेत पालाश आणि चुना उरतो, नत्राचा मोठा वाटा धुरातून उडून जातो. जी राख राहते ती सपाट वाफ्यात उपयोगी पडेल, डोंगरउतारावर मात्र वारा आणि पहिला जोराचा पाऊस तिला ओढ्यात नेऊन घालतो, वर उघडी पडलेली माती घेऊन. कोकणातला शेतकरी भातरोपासाठी दाढीवर, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यावर, पालापाचोळा-गवताचा राब भाजतो ती वेगळी गोष्ट. तिथे जागा बेताची, आग नजरेसमोर आणि राख जागच्या जागी राहते. (राबाची ठिणगी उडून शेजारचा माळ आणि त्यापलीकडची काजूची बाग गेली, असंही होतं.)

‘जोमानं येतं’ ते गवत कुठलं, हे तर कोणी बघतच नाही. दरसाल जाळलेल्या माळावर पवन्या, मारवेल यांसारखी गुरं आवडीनं खातात ती गवतं मागे पडत जातात आणि कुसळी माजते. कुसळीचं बी टोकदार असतं, ते स्वतःला मातीत पिळून घेतं आणि आगीतून वाचतं. तेच कुसळ पुढे शेळ्यामेंढ्यांच्या लोकरीत, तोंडात रुततं. रानात घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली झुडपं जळाली तरी खोडापासून पुन्हा फुटतात, त्यांच्याशेजारची ऐन-किंजळासारख्या इथल्या झाडांची कोवळी रोपं मात्र होरपळतात. डोंगर जुलैत हिरवा दिसतो म्हणजे सावरला, असं रस्त्यावरून जाणाऱ्यालाच वाटतं. टिटवी, तित्तिर उघड्यावर, जमिनीवर अंडी घालतात, तीही नेमकी उन्हाळ्यात. माळरानाला अधूनमधून आग सोसते की नाही, यावर अभ्यासकांत प्रामाणिक मतभेद आहेत. पण तो वाद कधीतरी, तुकड्यातुकड्यानं लागणाऱ्या आगीचा आहे, दरवर्षी अख्खा डोंगर पेटवण्याचा नव्हे.

वनखातं जाळतं, हो. त्याला जाळरेषा म्हणतात. हंगाम तापायच्या आधी ठरावीक रुंदीची पट्टी दोन्ही कडांनी साफ करून, माणसं उभी करून जाळली जाते. पुढे मोठी आग आली तर तिला त्या पट्टीत खायला काही मिळू नये म्हणून. ती पट्टी दाखवून बाकीचं रान पेटवायला परवानगी मिळाली असं समजणाऱ्यांनी भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ आणि वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० वाचावं. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा आहे.

आग विझवणाऱ्यांकडे असतं काय? पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर, हातात हिरवा डहाळा. आग विझली म्हणून खाली उतरावं तर धुमसणारा ओंडका उतारावरून गडगडत विझलेल्या रेषेच्या खाली जातो आणि तिथून पुन्हा सुरुवात. एप्रिल २०२१ मध्ये विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात आग विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. ‘उगाच बाऊ’ हे शब्द त्यांच्या घरी जाऊन म्हणावेत.

राहिले आदिवासी. मोहाची फुलं रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तो कधी हाताबाहेर जातो. विडीची पानं देणाऱ्या तेंदूला नवी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण मोहाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरलं की पाला जाळावा लागत नाही, आणि तेंदूची झुडपं वेळेवर छाटली की पानं चांगली येतात. जिथे सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळण्याचा आणि त्यातली उपज घेण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, ग्रामसभेच्या हातात आले, तिथे आग म्हणजे स्वतःच्याच बांबूचं आणि तेंदूचं नुकसान असतं, हे कोणी बाहेरून जाऊन शिकवावं लागत नाही.

आणि पुण्या-मुंबईकडच्या डोंगरांवर तेंदूच्या हंगामाची लगबग नसते. तिथे प्लॉटभोवतीचं गवत पेटवून घरी जाणारे असतात, गडावर चूल मांडून निखारे तसेच सोडणारे असतात, घाटात गाडीच्या काचेतून सिगारेट फेकणारे असतात. हा मजकूर माझ्याकडे दरवर्षी येतो तो तिथल्याच ग्रुपांवरून.