'बसतात'

२, ४, ६. हे तीन आकडे एका नियमात बसतात. नियम ओळखायचा. त्यासाठी तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सुचवायचे, समोरचा फक्त 'बसतात' किंवा 'बसत नाहीत' एवढंच सांगणार.

१९६० साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं हे कोडं २९ विद्यार्थ्यांना घातलं. पाहताक्षणी वाटतं, दोन-दोननं वाढतायत. मग ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. झाली खात्री! नियम मात्र एवढाच होता की आकडे चढते हवेत. ५, १७, ९० सुद्धा चाललं असतं. आधी चुकीचा नियम न सांगता थेट बरोबर उत्तरापर्यंत पोचले फक्त ६ जण.

मला यातलं लागलं ते हे, की चुकलेली मुलं आळशी नव्हती. ती तपासत होती. पण उत्तर 'हो' येईल असंच तपासत होती. याला कन्फर्मेशन बायस म्हणतात.

असे कल आणखी बरेच आहेत. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात लोकांसमोर चाक फिरवून एक आकडा काढला, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के ते विचारलं. चाकावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५, ६५ आलेल्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती 'हो' शोधण्याचीच, कारण त्यात माणसं तुटतात. (आणि हे शब्द शिकून दुसऱ्याला वादात गप्प करणं मला अजिबात पटत नाही. आधी स्वतःला लावून बघावेत.)

माझा एक जिवलग मित्र दोन महिने फोन उचलत नव्हता. तो मला टाळतोय, असं मी ठरवून टाकलं. रात्री जागून जुने मेसेज चाळले. एक कोरडं 'ठीक आहे', एक नुसता अंगठा, तीन दिवसांनी आलेलं उत्तर. पुरावे मिळतच गेले. मीही बोलणं बंद केलं. नंतर दुसऱ्याकडून कळलं, त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि रात्रपाळी याचीच होती.

मग तेच मेसेज पुन्हा वाचले, या वेळी मी चुकलोय असं धरून. त्याच दोन महिन्यांत त्यानं मला तीनदा विचारलं होतं, 'तब्येत कशी आहे आता?' त्यातल्या दोन मेसेजना मी उत्तरच दिलेलं नव्हतं.