‘नावाला दान, घेताना दाम’ म्हणणाऱ्या निनावींना

निनावी महोदय (किंवा महोदया, नावच नाही म्हटल्यावर दोघांनाही नमस्कार),

ऑगस्टमधल्या आमच्या आयकिदो (ही जपानी युद्धकला) सेमिनारच्या आणि ग्रेडिंगच्या, म्हणजे श्रेणी परीक्षेच्या, तयारीवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुम्ही रात्री पावणेदोन वाजता प्रतिक्रिया टाकलीत. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो: ‘दान पद्धत 1882 ची नाही, 1883 ची. 1882 मध्ये कोदोकान सुरू झालं. बाकी लेख म्हणजे नेहमीचं कौतुक. दोन महिने आधीपासून तुमच्याकडे खरा सराव बंद पडतो आणि यादीची घोकंपट्टी चालते, ते का नाही लिहीत? कोणी नापास होतं का तुमच्याकडे? नावाला दान, घेताना दाम, असा सगळा प्रकार आहे.’

सालाचं म्हणणं मान्य. जुदोचे जनक जिगोरो कानोंनी कोदोकान ही आपली शाळा काढली 1882 मध्ये, आणि पहिले दोन शोदान, म्हणजे दान या श्रेणीची पहिली पायरी, दिले 1883 मध्ये. मी दोन्ही एकाच सालात कोंबलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे लक्षात असू द्या.

आता ते शेवटचं वाक्य.

कोटी म्हणून ठीक आहे. नवी मात्र नाही. 1997 साली मी पहिल्यांदा आयकिदोला जायला लागलो तेव्हा गणपतीत आमच्या थोरल्या काकांनी सगळ्या घरासमोर विचारलं होतं, ‘काय रे, दान तू देणार की ते देणार?’ सगळे हसले, मीही हसलो, कारण काका समोर बसून विचारत होते, हातात मोदक होता आणि त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं. जपानीत दान म्हणजे पायरी, श्रेणी. देवनागरीत लिहिलं की आपल्या दानासारखं दिसतं, एवढाच काय तो योगायोग. त्यावर पावणेदोनला उठून कोटी करायची आणि खाली नाव लिहायचं नाही, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

दामाचा विषय तुम्ही काढलाच आहे तर हिशेब ऐका. तीन दिवसांच्या सेमिनारची फी माणशी 2,800 रुपये. त्यातून सेन्सेईंचं, म्हणजे शिकवायला येणाऱ्या गुरूंचं, विमानाचं तिकीट, त्यांची राहायची सोय, हॉलचं भाडं, नव्या मुंबईतून मॅट आणणारा टेम्पो, त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवणारी माणसं, आणि पाण्याचे जार. गेल्या खेपेला टेम्पोचे पैसे माझ्या खिशातून गेले. शोदान आणि त्यावरच्या श्रेणींची नोंद टोकियोच्या होम्बू दोजोत, म्हणजे आयकिदोच्या मुख्य सरावगृहात, होते, तिची फी येनमध्ये जाते, प्रमाणपत्र तिथून येतं. त्यातला एक येन इथे थांबत नाही. क्यूच्या, म्हणजे शोदानच्या खालच्या, पाचवीपासून पहिलीपर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या परीक्षांची फी क्लबमध्ये राहते, हो, राहते. त्यातूनच मॅट येतात. पावसाळ्यात मॅटच्या सांध्यांत बुरशी धरते, ती व्हिनेगरने कोण पुसतं हेही एकदा विचारा म्हणजे झालं.

आणि कला आणि पैसा यांचा संबंध आला की कला बाटते, हे कोणी सांगितलं तुम्हाला? आयकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा 1915 मध्ये होक्काइदोतल्या एन्गारू गावी सोकाकू ताकेदांना भेटले आणि त्यांच्याकडे दाइतो-र्‍यू शिकले. आयकिदोचं मूळ तिथे आहे. हे ताकेदा कायमचा दोजो न थाटता गावोगाव फिरून शिकवायचे आणि बरोबर वह्या ठेवायचे. एका वहीत कोण शिकलं, दुसऱ्या वहीत कोणी किती दक्षिणा दिली. विद्यार्थ्यांचे शिक्के, तारखा, सगळं. त्या वह्या आजही अभ्यासक उघडून बघतात आणि त्यांच्यामुळेच कोण कधी काय शिकलं याचा इतिहास हाताशी आहे. उएशिबांनीही पैसे मोजले. तुमचा आक्षेप त्यांच्यापर्यंत पोचवायला जरा उशीर झाला एवढंच.

घरातलं उदाहरण हवं असेल तर संगीताचं घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये ते मुंबईत आले. आज दादर, गिरगाव, पार्ले, डोंबिवलीतल्या हजारो घरांत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी परीक्षांची शिडी आहे. फॉर्म भरला जातो, फी भरली जाते, परीक्षक बाहेरून येतो, मुलगी परीक्षेआधी महिनाभर तोच यमन आणि तोच भूप गाऊन शेजाऱ्यांना वेड लावते. त्याला कोणी ‘नावाला सूर, घेताना दाम’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. मग पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनीच काय पाप केलंय?

पट्ट्यांबद्दल तुम्ही बोलला नाहीत, पण बोलणार होतात हे वाक्याच्या सुरावरून कळतं. म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडे मोठ्यांना शोदानपर्यंत पांढराच पट्टा. सहा वर्षं सराव केलेला माणूस आणि काल आलेला माणूस शेजारी बसले तर पट्ट्यावरून ओळखू येत नाहीत. रंगीत पट्टे फक्त मुलांच्या बॅचला आहेत, आणि ते खरं तर पालकांसाठी आहेत. असो.

आता मी कोण, हे सांगणं भाग आहे. एरवी मी स्वतःबद्दल लिहीत नाही (तीन-चार लेख सोडले तर). 1997 ते 2006 मी डोंबिवलीहून आठवड्यातून तीनदा दादरला येत होतो. गिऱ्हाइकांकडची बिलं घेऊन फिरायची नोकरी. गी, म्हणजे सरावाचे पांढरे कपडे, भाजीच्या पिशवीत आणि जो, म्हणजे साधारण सव्वाशे सेंटिमीटरची काठी, सामानाच्या डब्यात. एकदा स्टेशनवर पोलिसाने अडवलं, हे काय म्हणून. मी आयकिदो समजावायला लागलो. ते ऐकून त्याचा संशय वाढला. मागे टोपलीवाली बाई होती, ती म्हणाली, ‘अहो साहेब, तंबूचा दांडा आहे त्यांचा.’ सोडलं. तेव्हापासून मी तंबूचा दांडाच सांगतो.

पहिल्या क्यूच्या परीक्षेत मी नापास झालो. होय, नापास. हानमी-हानदाची शिहोनागे हा डाव, म्हणजे मी गुडघ्यांवर आणि उके (ज्याच्यावर डाव करायचा तो जोडीदार) उभा. त्याने मनगट पकडलं आणि माझ्या डोक्यात पांढरं झालं. काही म्हणजे काही आठवेना. उके बिचारा भला माणूस, तो स्वतःच कुठल्या बाजूला वळायचं ते खांद्याने सुचवत होता. मी उलट्या बाजूला वळलो आणि त्याच्या गुडघ्यात डोकं घातलं. चाळीस माणसं सेइझात, म्हणजे गुडघे दुमडून, बसून बघत होती, त्यात माझी होणारी बायकोही होती. परीक्षकांनी शेवटी माझं नाव वाचलंच नाही. त्या रात्री शेवटच्या कर्जत लोकलमध्ये मी दारात उभा राहिलो आणि ठरवलं की बस झालं. सोमवारी पुन्हा गेलो. सहा महिन्यांनी पास झालो. अशा माणसाला तुम्ही सांगता, की नापास कोणी होतं का.

तरीही थेट उत्तर देतो. गेल्या दोन ग्रेडिंगना आमच्याकडे कोणी नापास झालं नाही. कारण तयारी नसलेल्याला मी बसवतच नाही. होम्बूच्या नियमाप्रमाणे पाचव्या क्यूला निदान 30 दिवसांचा सराव लागतो, पहिल्या क्यूनंतर शोदानला निदान 70. माझी हजेरीची वही त्याहून कडक आहे. ज्याला ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणतो तो माझ्या दृष्टीने नापासच झाला, फक्त चाळीस लोकांसमोर नाही. हे मी दयेपोटी करतो. तुम्हाला तो धंदा वाटत असेल तर माझ्याकडे औषध नाही.

राहता राहिली घोकंपट्टी. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन, इथे जागा नाही. एवढंच म्हणतो, की परीक्षा असेल तर तयारी होणार. दहावीच्या मुलाला जानेवारीत कोणी नवीन कविता वाचायला देतं का? सध्या सोमवारी पाचवा आणि चौथा क्यू, बुधवारी तिसरा आणि दुसरा, शुक्रवारी पहिला आणि शोदान, प्रत्येकाचा उके ठरलेला, मोबाइलवर वेळ लावून. लोकांना सोयीचं पडतं. परवा बुधवारी एका मुलीने विचारलं, जो घेऊन काही करूया का, एप्रिलपासून हातात धरला नाही. मी म्हटलं, सेमिनारनंतर. तिने काही तक्रार केली नाही.

एक गंमत सांगतो. तुम्ही ‘यादी’ असा शब्द वापरलात. बाहेरचा माणूस सिलॅबस म्हणाला असता. ‘यादी’ हे आमच्या हॉलच्या दारामागे चिकटवलेल्या कागदाचं नाव आहे, ते फक्त आत येऊन गेलेल्यांना माहीत. आणि ‘दोन महिने’. बरोबर दोन महिने. म्हणजे तुम्ही मोजलेत. तेव्हा निनावी, तुम्ही तितके निनावी नाही. चपला काढल्यावर दाराकडे तोंड करून ठेवायच्या हे बहुधा तुम्हाला मीच शिकवलं असेल. मनात होतं तर सराव संपल्यावर लादी पुसताना बोलायचं होतं. तेव्हा तोंडाला कुलूप आणि आता कळफलकावर ही शूरवीरी! माझ्या सेन्सेईंसमोर मी असलं वागलो असतो तर... जाऊ दे. एक-दोघांची नावं मनात येतात, पण चुकीच्या माणसावर शंका नको. हे वाक्य रागात लिहिलंय, तरी ठेवतो.

एक मात्र तुम्हाला ठाऊक नसेल, कारण ते या वर्षीचं आहे. आमचे एक सभासद बँकेतून निवृत्त झालेत. तिसऱ्या क्यूला बसणार आहेत. सुवारी-वाझा म्हणजे सगळं गुडघ्यांवर, चालायचं तेसुद्धा गुडघ्यांवर, शिक्को. मागच्या रविवारी हॉलमध्ये आदल्या रात्रीची हळद होती. आम्ही झाडलं, पुसलं, मॅट टाकल्या. तरी सांध्यात अक्षता राहिल्या. हे गृहस्थ शिक्को करत आले आणि मध्येच थांबले. पँट वर केली तर गुडघ्याच्या वाटीवर तांदळाचा दाणा रुतलेला, पिवळाधमक. नखाने काढला, टिचकीने खिडकीबाहेर उडवला आणि पुन्हा खाली बसून इक्क्यो या डावाची डावी बाजू सुरू केली. त्या दिवशी त्यांनी डावी बाजू अकरा वेळा केली. यादीत आहे म्हणूनच केली, हे मी नाकारत नाही. पण त्या गुडघ्याला विचारा, दान कोण देतंय.

बाकी तुमच्या ‘नेहमीचं कौतुक’ या शेऱ्याबद्दल काही म्हणायचं नाही. माझा ब्लॉग आहे, माझ्या क्लबचं कौतुक मी नाही तर कोण करणार?

गणपती येण्याआधी सेमिनार उरकायचाय, कारण नंतर हॉल मंडळाच्या ताब्यात जातो आणि मखराच्या थर्माकोलमधून मॅटला जागा उरत नाही. पाऊस असा आहे की तीन दिवस गी वाळत नाही. पंख्याखाली दोरी बांधली आहे, सगळा हॉल ओल्या कापडाच्या वासाचा झालाय. टेम्पोवाल्याने रविवारचं ‘बघतो’ म्हटलंय.

तेव्हा मॅट बहुतेक आमच्या आम्हालाच चढवाव्या लागणार. चौसष्ट तुकडे, दुसरा मजला, लिफ्ट बंद. रविवारी सकाळी सात. मी पावणेसातला किल्ली घेऊन खाली उभा असेन. नाव न सांगता आलात तरी चालेल. चपला कशा ठेवायच्या ते माहीत आहेच.