‘क’ कंठातून निघत नाही: वर्णमालेच्या फॉरवर्डबद्दल

वर्णमालेवरचा तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर अधूनमधून येत असेल. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूतून, ट-वर्ग मूर्ध्यातून, त-वर्ग दातांतून, प-वर्ग ओठांतून. ‘एकदा बोलून बघा!’ आणि शेवटी, एवढी शास्त्रशुद्ध मांडणी जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेत नाही. मांडणी अफलातून आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मेसेजवाल्याने ती अर्धीच वाचली आहे.

‘क कंठातून.’ बोलून बघाच. ‘क’ सोडण्याआधी क्षणभर थांबलात, तर जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला चिकटलेला जाणवेल. हवा तिथे अडते. स्वरयंत्र बरंच खाली राहिलं. हे कुणा साहेबाचं म्हणणं नव्हे. पाणिनीय शिक्षा हा उच्चारांवरचा जुना संस्कृत ग्रंथच सांगतो, ‘जिह्वामूले तु कुः प्रोक्तः’, क-वर्ग जिभेच्या मुळाशी. कंठ्य म्हणणारेही वैयाकरण होते. शाळेत त्यांचंच चाललं.

‘च तालव्य.’ चार, चिमणी यांतला हो. चाक, चूल, चोर यांतला नाही. तिथे जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. मराठी माणसाने हे विसरावं म्हणजे कमाल. मेसेज बहुधा हिंदीतून जसाच्या तसा उतरवलेला असावा.

ट, त, प यांचं ठीक आहे.

‘जगात कुठेच नाही.’ कन्नड, बंगालीपासून तिबेटी, थाई, बर्मीपर्यंत हाच क्रम आहे. जपानी अक्षरांचा आ-का-सा-ता-ना हा क्रमही यावरूनच बेतलेला. हे सगळे आपलेच चुलते म्हणून सोडून देऊ. पण कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये सिद्ध केलेली हंगुल लिपी? तिच्यात ‘न’चं अक्षर वर टेकलेल्या जिभेच्या आकाराचं आणि ‘म’चं तोंडाच्या. देवनागरीचे आकार असं काही सांगत नाहीत. उलट ‘कि’मधली इ उच्चारायची नंतर, काढायची आधी!

आता राहिलेला अर्धा भाग. मेसेजने आडव्या ओळी मोजल्या, उभ्या रांगांकडे पाहिलंच नाही. क आणि ग यांची जागा एकच, मग फरक कशाने पडतो? गळ्याच्या उंचवट्यावर बोटं ठेवून ‘स्स्स्’ लांबवा, मग ‘म्म्म्’. दुसऱ्या वेळी बोटांखाली थरथर लागेल. ती स्वरतंतूंची: पुरुषांत बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, बायकांत २००च्या आसपास. क, ख म्हणताना अडलेली हवा सुटेपर्यंत तंतू थरथरत नाहीत. ग, घ, ङ म्हणताना थरथरतात. ‘ख’ला तळहातावर हवेचा झोत लागतो. ‘घ’ची गंमत अशी की तंतू थरथरत असतानाच पुरते मिटत नाहीत, फटीतून श्वास निसटत राहतो.

शेवटच्या रांगेत मऊ टाळूचा पडदा खाली येतो आणि हवेला नाकाची वाट मिळते. नाक चिमटीत धरून ‘म्म्म्’ चालू ठेवा, लगेच अडेल. ‘स्स्स्’ला काही होत नाही. सर्दीने नाक चोंदलेला भाचा ‘मामा’ म्हणायला जातो आणि ऐकू येतं ‘बाबा’, ते यामुळेच. ओठ तसेच मिटतात, तंतू तसेच थरथरतात, फक्त वरची वाट बंद असते.